टाक्याच्या शेजारी

रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात सही घ्यायला काहीतरी होतं. कोणाकडे टोपी, कोणाकडे खेळण्यातली गाडी. एक जण तर घरच्या गाडीचं बॉनेटच सोडवून घेऊन आला होता. बापाला विचारलं होतं की नाही, देव जाणे. सगळी विशीतली पोरं. त्यांच्यात हा एकटा वेल्डर पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टात, लग्नाला आल्यासारखा. त्याच्या हातात कापडी पिशवी होती.

शोरूमच्या हॉलमध्ये टेबलामागे जपानहून आलेली टीम बसली होती. मध्ये ड्रायव्हर, भरधाव गाडी आडवी घसरवत वळणं घेण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच्या शेजारी टीमचा म्हातारा मेकॅनिक, आणि टोकाला दुभाषी मुलगी. माणशी अर्धा मिनिट, एक सही, एक फोटो. मेकॅनिककडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. तो आपला निवांत बिस्किट खात होता.

वेल्डर त्याच्यासाठीच आला होता.

त्याची पाळी आली. त्यानं पिशवीतून तेलकट फडकं काढून टेबलावर उलगडलं. आत स्टेअरिंगचा आर्म होता, चाक वळवणारा, मोडून दोन तुकडे झालेला. तो तोंड उघडणार इतक्यात ड्रायव्हरनं हसत मोठा तुकडा उचलला, त्यावर चंदेरी पेननं झोकदार सही ठोकली आणि फोटोसाठी अंगठा वर केला.

“सही नको हो,” वेल्डर म्हणाला. “मला त्यांना विचारायचंय.” त्यानं मेकॅनिककडे बोट केलं.

“काय विचारायचंय, काका?” दुभाषी मुलगी म्हणाली.

“माझ्या भाच्याच्या गाडीचा आहे हा. यांचे व्हिडिओ बघून शिकत होता. चाक जास्त वळावं म्हणून मी हा कापून आखूड केला, वेल्डिंगचा टाका मारून परत जोडला. आठ महिन्यांपूर्वी गाडी भिंतीवर गेली. भाचा गेला.” त्यानं तुटलेल्या कडेवर बोट ठेवलं. “भिंतीवर आपटून हा तुटला, की हा तुटला म्हणून गाडी भिंतीवर गेली? एवढंच सांगा म्हणावं. पण खरं सांगा. इथं मला खरं कोणी सांगतच नाही.”

इथं सगळे नशिबावर ढकलून मोकळे झाले होते. तो स्वतः ते तुकडे रोज बघायचा. गंज चढू नये म्हणून तेलात ठेवायचा. एक दिवस वाटायचं, आपला दोष नाही. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आपणच मारलं पोराला. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

मुलगी मेकॅनिकशी हळू आवाजात बोलली. मेकॅनिकनं बिस्किट खाली ठेवलं. हात पुसले, चष्मा लावला. मग तुटलेल्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं, अगदी वेल्डर स्वतः फिरवायचा तसंच.

“काका, आटपा की,” मागून कोणीतरी म्हणालं.

मेकॅनिक बराच वेळ बोलला. “ते म्हणतात, टाका उत्तम आहे,” मुलगी म्हणाली. “असा टाका त्यांच्याकडेही फार थोडे लोक मारतात. टाका तुटलेला नाही. टाक्याच्या शेजारी तुटलंय.”

“आपटायच्या आधी, की नंतर?”

तिनं विचारलं. उत्तर एकाच शब्दात आलं.

“आधी,” ती म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

मेकॅनिक उठून उभा राहिला. दुभाषीची वाट न बघता त्यानं हातात पाण्याचा मग धरल्यासारखं केलं, तो त्या तुकड्यावर ओतल्यासारखा तिरपा केला आणि तोंडानं आवाज काढला, चर्रर्र. मग भुवया उंचावून वेल्डरकडे पाहिलं.

वेल्डरनं एक बोट वर केलं. एक मग.

“काय विचारतायत, काका?” मुलगी गोंधळली.

“कळलं मला,” तो म्हणाला.

असलं पोलाद जोडलं की राखेत पुरून ठेवायचं असतं, सावकाश गार व्हायला. पाणी मारलं की टाका टिकतो, पण शेजारचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. हे त्याला अठ्ठावीस वर्षं ठाऊक होतं. त्या दिवशी भाचा डोक्याशी उभा होता, मामा झालं का, मामा झालं का. वेल्डरचं त्या पोरावर फार प्रेम होतं.

मेकॅनिकनं दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिले आणि ते हात क्षणभर धरून ठेवले.

बहीण बाहेर स्कूटरपाशी उभी होती. मुलाला आवडणारी ती गर्दी तिला बघवली नसती, म्हणून ती आत आलीच नव्हती.

“काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“टाका उत्तम आहे म्हणाले. टाका तुटला नाही.”

शब्द न शब्द खरा होता. ‘आधी’ हा शब्द तेवढा त्यानं गाळला.

“मी म्हणत नव्हते?” बहिणीचे डोळे भरून आले. “आठ महिने कानीकपाळी ओरडतेय. स्वतःला खात बसलास नुसता, मशीनला हात लावला नाहीस.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “उद्या घरी ये, दादा. फाटकाची बिजागरी तुटलीय. तूच जोडून दे.”

त्यानं फडकं पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, “सावकाश गार करावं लागेल. अख्खा दिवस जाईल.”

“जाऊ दे की,” बहीण म्हणाली. “आता घाई करायला घरात आहे कोण?”