डावा खांदा

“हा डावा खांदा कुणी कापला?”

टेलरबाईंनी झगा कापायच्या टेबलावर उलटा पसरला होता आणि चष्म्यावरून धाकट्या जावेकडे बघत होत्या. जाऊ दुकानाच्या दारातच उभी होती, बस म्हणायची वाट बघत. बस कुणी म्हटलं नाही.

“का? चुकलाय?”

“उजव्यापेक्षा चांगला अर्धा इंच खाली आहे. माप घेतलं होतं, की बुजगावण्याला गुंडाळून कापलंस?”

“माप घेऊनच कापलाय, जाऊबाई,” जाऊ म्हणाली आणि रस्त्याकडे बघू लागली.

ही बाई कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. सुईत दोरा ओवायचा तर हिला चष्मा बदलावा लागे. आणि पुतणीच्या लग्नासाठी हिला घरच्या घरी पायघोळ झगा शिवायची हुक्की आली होती. तीस वर्षं दुकान चालवणारी थोरली जाऊ दोन गल्ल्या सोडून बसलेली असताना!

तेही टेलरबाईंनी गिळलं असतं. जिव्हारी लागलं होतं ते वेगळंच. लग्न त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं. आजूबाजूच्या निम्म्या नवऱ्या मुली टेलरबाईंच्या हातचं घालून सासरी गेल्या, आणि पोटच्या पोरीनं स्वतःचा पोशाख तयार विकत आणला. वर तोंडावर सांगितलं, “माझ्या लग्नासाठी तू मशीनला हात लावायचा नाहीस, आई.” त्यानंतर दोन महिने ऑफिस सुटलं की पोरगी काकूकडे. घरात कशाचा ठिकाणा राहिला नव्हता. मापपट्टी सापडत नव्हती, छोटी कात्री सापडत नव्हती, खिळ्यावरचा त्यांचा जुना तपकिरी झगासुद्धा चार दिवस बेपत्ता होता. कामाला हातभार लावायचं सोडून लेक काकूशी कॉम्प्युटरच्या गप्पा मारत बसे. त्या दोघी बोलायला लागल्या की टेलरबाईंना आपण पाहुण्या आहोत असं वाटे. लेक जायचीच होती. पण ती नवऱ्याकडे जायच्या आधीच जावेनं पळवली होती.

“आणि ही काठावरची कशिदाकारी! कुठे दोन निळे टाके, कुठे तीन पांढरे, मग परत एक निळा. टाके मोजता येत नाहीत?”

“मोजूनच घातलेत. कॉम्प्युटर अक्षरं अशीच लिहितो, दोनच खुणांनी. गोल फिरून एकच शब्द आहे.”

“कुठला?”

“लग्नात कळेल.”

“म्हणजे अख्ख्या लग्नात तो फक्त माझ्या लेकीला वाचता येणार.”

जाऊ हसली. तिचं ते हसू टेलरबाईंना सहन होईना.

“कमरेत बघ, केवढा ढगळ. तुझ्या अंगावर गोणपाटासारखा लोंबेल.”

“लोंबू दे. मला पाठीची शिवण तेवढी पक्की करून द्या. कापड जाड आहे, घरच्या मशीनच्या दोन सुया मोडल्या. लग्नाच्या दिवशी धावपळ, वाकणं-उठणं. चारचौघांत उसवायला नको.”

नाचता येईना, अंगण वाकडं, टेलरबाई मनात म्हणाल्या. तोंडानं म्हणाल्या, “ठेव. उद्या घेऊन जा.”

ती गेल्यावर त्यांनी शटर अर्धं ओढलं. पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली आणि मशीनला दुसरा दोरा लावला. कपडा पहिल्यांदा अंगावर घालून बघायचा म्हणून जे कच्चे टाके घालतात, त्यांचा हा दोरा. जरा ताण आला की तुटायचा. टाका लांब ठेवला, टोकाला गाठ मारली नाही. वरून शिवण अशी सरळ दिसत होती की दृष्ट लागावी. उभं राहिलं तर दिवसभर टिकली असती. वाकलं की संपलं.

खूप दिवसांनी त्यांना बरं वाटलं. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

लग्नाच्या सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत तपकिरी झग्याला इस्त्री करताना त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. जाऊ आली ती साध्या राखाडी कपड्यांत.

“तुझा झगा कुठाय?” टेलरबाईंचा आवाज चिरका झाला. हिला कळलं की काय?

“येतोय,” जाऊ म्हणाली आणि बाजूला झाली. मागून लेक आली, नटलेली, दोन्ही हात पाठीमागे लपवून.

“आई, इस्त्री बंद कर. डोळे मीट. उघडायचे नाहीत.”

थंड कापड अंगावर उतरलं. तीस वर्षं मशीनवर वाकून टेलरबाईंचा डावा खांदा खाली गेला होता. तिथे कुठलाच कपडा त्यांना धड बसत नसे. हा बसला. कमरेलाही बसला. त्यांनी डोळे उघडले आणि आरशात बघितलं.

“तपकिरी झग्यावरून माप काढलं,” लेक एका दमात सांगत होती. “दोन महिने काकूकडे बसून शिवलाय. कापण्यापासून सगळं मी. सगळ्यांचे कपडे तू शिवलेस, तुझं माप कधी कुणी घेतलं का? आणि हे बघ.” तिनं आईचं बोट धरून काठावरून फिरवलं. “हे ‘आ’. इथून पुढे ‘ई’. मग परत तेच, गोल.”

बाहेरून कुणीतरी ओरडलं, “पाहुणे आले! मुलीची आई कुठाय?” टेलरबाई मागे सरकल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“अगं चल ना, अशी ताठ काय उभी राहिलीस?” लेक त्यांचा हात ओढत हसली. “बिनधास्त वाक, बस, नाच. बाकीची शिवण माझी आहे, तिचा भरवसा नाही. पण पाठीची तर तू स्वतः घातलीयेस.”