डार्लीनचा बुकमार्क

दर सोमवारी टीमने साठवलेले वेबपानांचे बुकमार्क सॉल्वेग लावून ठेवायची. प्रत्येकाखाली एका ओळीची टीप लिहायची, मगच तो सगळ्या प्रयोगशाळेला दिसायचा. आज विभागप्रमुख डार्लीनचाही एक होता. उघडला तर नोकरीची जाहिरात: सरोवराच्या पाण्याचे नमुने तपासायला माणूस हवा, एक जूनपासून. अकरा वर्षं ते काम सॉल्वेगच करत होती. डार्लीनने स्वतःच्या फोल्डरऐवजी चुकून टीमचा फोल्डर निवडला होता. तेवढ्यात तीच दोघींची कॉफी घेऊन आली. “तू नसतीस तर आमचा पसारा कुणी आवरला असता गं?” “जूनमध्ये कळेलच की.” डार्लीनची नजर पडद्यावर गेली. “सांगणारच होते तुला.” सॉल्वेगने टीप लिहिली: ‘माझ्या जागेची जाहिरात. पाठवणारी: डार्लीन.’ माफीच्या एका शब्दासाठी तिचं बोट ‘पाठवा’वर थांबलं. “निदान माझं नाव तरी काढ,” डार्लीन म्हणाली. सॉल्वेगने बटण दाबलं.