घरची सही

“इथे सही नाही, मॅडम,” मेश्राम साहेब म्हणाले.

माया उभीच होती. साहेबांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. मग टेबलावरची निळी डब्याची पिशवी बाजूला सरकवून त्यांनी लाल पेनानं तळाच्या रिकाम्या जागेभोवती गोल काढला. गोल मात्र सुरेख काढला होता.

“माझी लेखी संमती जोडली आहे, सर. नियमात तेवढीच लागते.”

“नियम मला माहीत आहे. पण रात्रपाळी आहे. उद्या काही झालं तर घरचे येऊन उभे राहतात, हिला कुणाला विचारून ठेवलं म्हणून. मग बोट माझ्याकडे.” साहेबांचा आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढत नसे. “तुमच्या कामाबद्दल शंकाच नाही. मिस्टरांची सही आणा, मी त्याच दिवशी ऑर्डर काढतो. माझी काहीच ना नाही.”

“आणि नाही आणली तर?”

“उद्या दहापर्यंत थांबतो. मग गौरांगचा अर्ज आहेच.”

बुटीबोरीच्या त्या केबल कारखान्यात मायाला एकोणीस वर्षं झाली होती. तारेवरचं आवरण कुठे पातळ बसतंय हे ती मशीनच्या आवाजावरून सांगायची. शिफ्ट इनचार्जची जागा आता तिसऱ्यांदा निघाली होती. आधीच्या दोन्ही वेळी तिनंच शिकवलेली पोरं तिच्या डोक्यावर जाऊन बसली. या जागेला वयाची अट पंचेचाळीसची, आणि माया येत्या जानेवारीत पंचेचाळीस पूर्ण करणार होती. म्हणजे ही शेवटचीच.

गौरांगची बायको महिन्यापूर्वी बाळंत झालेली. घरात तान्हं बाळ, बायको ओली बाळंतीण. पण त्याच्याकडे बायकोची सही मागावी असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मायाची एकुलती मुलगी पुण्याला शिकायला होती, घरात रांधून वाढायचं ते एका नवऱ्याला. तरी घरची जबाबदारी म्हणे मायालाच.

दुपारी कँटीनमध्ये पॅकिंगची नीला समोर येऊन बसली.

“काय म्हने साहेब?”

“घरून सही आन म्हने.”

“मंग आन ना वं. एक सही कराले काय जड जाते तुह्या नवऱ्याले?”

“घरी इचारलं का म्हनते, ऑफिसचं ऑफिसात ठेव. मले त्यात पाडू नको.”

नीलानं मान हलवली. “साहेब तसे वाईट नाही वं. नियमाचा पक्का मानूस आहे.”

“मले मालूम आहे.”

“हो, तुह्याइतकं कोनाले मालूम असन,” नीला म्हणाली आणि मायाच्या डब्यातला पराठा मोडून घेतला. पहाटे पाचला उठून केलेले ते पराठे मायानं तिच्याकडेच सरकवले.

ऑफिसात गेलं की घरी जा, आणि घरी गेलं की ऑफिसात. या येरझाऱ्यांनी ती पार विटून गेली होती. भांडायला समोर कुणी ओरडणारा माणूस तरी हवा होता. इथे तर दोघंही गोडच बोलायचे.

चारच्या सुमारास मशीनशेजारी उभ्या उभ्या तिच्या मनात आलं, आपणच ठोकून द्यावी सही. नवऱ्याची सही तिला हुबेहूब यायची. गॅसच्या पुस्तकावर, मुलीच्या प्रगतिपत्रकावर कितीदा केली होती. पण मेश्राम साहेबांच्या नजरेतून ती सुटली नसती. तिनं पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं.

कंपनीच्या बसनं तिला बेसा चौकात सोडलं. तिथून घर दहा मिनिटांचं, आज वीस लागली. घरी येऊन तिनं हातपाय धुतले, कणीक मळली, वांगी चिरून फोडणीला टाकली. पोळ्या लाटताना मनात वाक्यं जुळवून ठेवली आणि त्यांतली निम्मी स्वतःच खोडली.

आठ वाजता नवरा, धम्मानंद, आला. मायानं त्याच्या हातातली निळी पिशवी घेतली, डबा मोरीत ठेवला, ताट वाढलं. तो दोन घास जेवला तेव्हा तिनं पत्र ताटाशेजारी ठेवलं. त्यावर पेन ठेवला.

“सही करा,” ती म्हणाली. “याच्यानंतर काही मागनार नाही मी.”

“रातभर तू तिकडे, आन् मी इकडे एकटा. लोकं काय म्हनतीन?”

“म्हनू द्या ना. गौरांगच्या बायकोले कोनी इचारलं का?”

“त्याचं येगळं आहे. तो मानूस आहे.”

“आन् मी कोन आहो?”

वांग्याची फोड धम्मानंदनं ताटाच्या कडेला सारली, डाव्या हातानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचत खाली आला. लाल गोलाशी थांबला. क्षणभर मायाला वाटलं, आता करतो. तिनं पेन थोडा पुढे सरकवला.

त्यानं पत्र उचललं आणि तिच्या हातात परत दिलं.

“ऑफिसचं ऑफिसात ठेव म्हनून किती बार सांगतलं तुले,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्यानं पोळीचा तुकडा मोडला. “आन् उद्या दहाच्या आत घरची सही घेऊन हे माह्या टेबलावर नाही आलं, तर मले गौरांगची ऑर्डर काढा लागन.”