चिमूटभर मीठ

“बुटाची नाडी हाय व्हय ही?” असं म्हणत न्हुंगनं उंच बाईच्या छातीवरची दोन फासांची गाठ सोडून टाकली. जाकिटाचे बंद नव्यानं ओढले, एकच फास आडवा काढला आणि टोकं सरळ खाली सोडली. हॉलंडहून आलेल्या त्या बाईला भाड्याचा हानबोक, म्हणजे कोरियन सणासुदीचा पोशाख, चांगलाच आखूड पडत होता. घेरदार झग्याखाली तिच्या पोटऱ्या उघड्या होत्या. तरी आरशात बघून तिनं लहान पोरीसारखी गिरकी घेतली.

किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, शिकायला आलेले सहाही पाहुणे अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर मांडी घालून बसले. समोर मिठात मुरवून निथळत ठेवलेले कोबीचे लांबट गड्डे होते आणि परातभर लाल मसाला. न्हुंगनं एकेकाच्या बाह्या वर खोचून दिल्या. नाहीतर कोबीआधी रेशमी बाह्यांचीच किमची व्हायची.

फिलसुनबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, बाजूला उशीवर बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. अकरा वर्षं हा वर्ग त्यांनी चालवला. गेल्या महिन्यात मनगट मोडलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता परातीत हात घालणं कायमचं बंद. सकाळी न्हुंग त्यांच्या जाकिटाचे बंद बांधत होती, तेव्हा त्या एवढंच बोलल्या होत्या, “आज तू शिकीव. जमलं तर वर्ग तुजा. न्हाय तर पाटी उतरवू.”

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. या घरात सासूचे चार दिवस नऊ वर्षं चालले होते. व्हिएतनामहून न्हुंग सून होऊन आली तेव्हापासून मसाला कालवायचा तिनं आणि मीठ बघायचं सासूबाईंनी. ती पानात मसाला गुंडाळून त्यांच्या तोंडाशी न्यायची. त्या डोळे मिटून चावायच्या आणि म्हणायच्या, “चिमूटभर मीठ कमी.” दर हिवाळ्यात तेच. एका वर्षी तिनं ती चिमूट गुपचूप आधीच टाकली होती. तरीही तेच.

“आजी, शिकवणार तुम्हीच ना?” पाहुण्यांना सोलहून घेऊन आलेली गाइड मिजिन विचारत होती. “यांना अस्सल कोरियन आजीच्या हाताखाली शिकायचंय. तसं कबूल केलंय आम्ही.”

“हात बग माजा. सून शिकीवती की.”

“पण त्या तर...” मिजिननं न्हुंगकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं.

ते गिळलेलं बोलणं न्हुंगला पाठ होतं. बाजारात ऐकलेलं, लेकीच्या शाळेच्या फाटकाशी ऐकलेलं. तरी आज ते झोंबलं. तिनं लाल रबरी हातमोजे चढवले आणि परातीत हात घातला.

“पान पान उचला. मसाला देठाकडं चोळायचा, शेंड्याला तो आपसूक लागतोय. आन् दाबू नका वो असं, कोबी हाय, कणीक न्हाय!”

मिजिन गडबडली. न्हुंगची कोरियन सासूबाईंच्या तोंडून उचललेली, पक्की दक्षिणेकडची खेडवळ. राजधानीतल्या पोरीला त्यातलं निम्मं कळेना. “म्हणजे... देठाकडे काय करायचं?”

“थांब, मी सांगू का तुला सोलच्या भाषेत?” सासूबाई उशीवरूनच म्हणाल्या. पाहुण्यांना अक्षर कळलं नाही, पण मिजिनचं तोंड बघून तेही हसले. मग न्हुंगनं उंच बाईचे हात आपल्या हातात धरले आणि एकेक पान तिच्याकडून चोळून घेतलं. तिथं भाषेची गरजच पडली नाही.

गड्डे भरून झाले. न्हुंगनं आतलं कोवळं पिवळं पान तोडलं, त्यात मसाला गुंडाळला आणि शेजारच्या पाहुण्याच्या तोंडाशी नेला.

“एक मिनिट,” मिजिन म्हणाली. “मीठ बरोबर आहे का ते आधी आजींना बघू दे. निदान चव तरी त्यांची हवी.”

न्हुंग वळली. पान सासूबाईंच्या तोंडाशी नेलं, जाकिटावर थेंब पडू नये म्हणून दुसरा तळवा खाली धरला. सासूबाईंनी डोळे मिटले. चावत राहिल्या. न्हुंगचा एक डोळा मिठाच्या बरणीवर होता. नेहमीचे शब्द आले की उचलायचीच होती.

सासूबाईंनी घास गिळला. डोळे उघडले आणि थेट मिजिनकडे पाहिलं.

“मला काय इचारतीस, पोरी? ह्या घरात मीठ सून बगती.”

न्हुंग हात पुढं धरून तशीच उभी राहिली. डोळे भरून आले आणि पुसायची सोय नव्हती, दोन्ही हातमोजे तिखटानं माखलेले. सासूबाईंनी डाव्या हातानं तिला खाली ओढलं, तिच्याच जाकिटाच्या बंदाचं टोक धरलं आणि तिचे डोळे टिपले.

“रडतीस काय येड्यावानी? पाव्हणे बसल्यात.”

आणि तिच्या हातच्या दुसऱ्या घासासाठी त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.