विमान कुणाकडे

घटस्फोटानंतर ती त्याला मुद्दाम अहो-जाहो करायची. आज ड्यूटी लावणाऱ्याने दोघांना एकाच कॉकपिटमध्ये बसवलं होतं, तो कॅप्टन आणि ती को-पायलट. मागे साठ प्रवासी होते.

ढगात शिरताच प्रोपेलरच्या पात्यांवर साचलेला बर्फ सुटून विमानाच्या अंगावर धाडधाड आपटायला लागला. समोरच्या स्क्रीनवर रडार लालेलाल झालं. त्याने ऑटोपायलट बंद केला आणि पुढच्याच हिसक्याला त्याचा चष्मा खाली पडला.

"विमान तुझ्याकडे," तो म्हणाला.

ती तोंड उघडणार, तोच हेडफोनमध्ये ताबा घेणाऱ्याने द्यायचं नियमातलं उत्तर आलं, "माझ्याकडे."

म्हणजे सोपवलं म्हणायचं आणि स्वतःच परत घ्यायचं. संसारातही याचं हेच होतं. तिने रागाने हात मांडीवर ठेवले.

दोघांपुढची सुकाणू आतून जोडलेली असतात, एक फिरलं की दुसरं फिरतंच. तिच्यापुढचं सुकाणू हळुवार फिरत होतं. इतका हळुवार हात त्याचा कधीच नव्हता.

"छान उडवतेस," तो म्हणाला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिचं कौतुक केलं होतं.

"टोमणे नकोत," म्हणत तिने वळून बघितलं. तो दोन्ही हातांनी चष्मा पुसत होता.

"अरे, तू उडवत नाहीयेस?" अहो-जाहो विसरून ती ओरडली.

त्याने तिच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

तिने सुकाणू गच्च धरलं. "विमान माझ्याकडे!"

यावर "तुझ्याकडे" असं उत्तर यायला हवं.

"माझ्याकडे," हेडफोनमधला आवाज शांतपणे म्हणाला, आणि तिच्या मुठीतलं सुकाणू पुढे झुकून विमानाचं नाक खाली जायला लागलं.