होडीच्या दिवसाची फिल्म

“तो फोटो भिंतीवर लावणार असशील, तर मी उद्घाटनाला येणार नाही.” जुनुसने कॉफीचा पेला बाजूला सारला. “माझी बहीण त्यात बुडतेय, यिन. आणि तुझा बाप काठावर उभा राहून बटण दाबतोय.”

सिऊ यिनने टेबलावर सांडलेली कॉफी पुसली. सुंगाई बातांग गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं? तिच्या जन्माआधीची गोष्ट. पुरात पैलतीराला निघालेली होडी उलटली, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गढूळ पाणी आणि वर आलेले हात. खाली तिच्या वडिलांचं नाव. गावातला एकुलता एक स्टुडिओ त्यांचा, म्हणून लोक लग्नाचे, पासपोर्टचे फोटो काढायला येत राहिले. पण त्यांच्या टेबलाशी बसून कोणी कॉफी प्यायलं नाही. ते स्वतः त्यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि तसेच गेले.

आता त्यांच्याच निगेटिव्हमधून यिन जुन्या शाळेच्या हॉलमध्ये गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडत होती. कथलाची खाण, रबराच्या मळ्यातल्या बायका, पहिलं थिएटर. मधलीच एक भिंत कोरी ठेवली होती.

“ती फिल्म मी आजवर उघडलेली नाही, अबांग,” थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. “धीरच झाला नाही. तुम्ही सोबत थांबाल तर आज बघते. मग तुम्ही म्हणाल तसं करू.”

जुनुस तिच्या घरी आला, पण तोंड पाडूनच. स्वयंपाकघरात यिनची म्हातारी आई मोड आलेल्या मुगाची शेपटं खुडत बसली होती. तिने मान वर करून “जेवून जा रे” म्हटलं आणि पुन्हा कामाला लागली.

डार्करूममधल्या लाल दिव्याखाली यिनने पहिला कागद औषधात सोडला. हळूहळू तेच हात वर आले. जुनुसने तोंड फिरवलं.

दुसऱ्या कागदावर त्या हातांच्या मधोमध एका पुरुषाचं डोकं दिसलं. तिसऱ्यावर तो माणूस गळ्याएवढ्या पाण्यात होता. खांद्यावर एक पोर घेऊन तो काठाकडे येत होता.

यिनने कागद धुऊन उजेडात धरला.

“हे बाबा आहेत.”

“काहीतरीच काय!” जुनुस वाकला. मग खांद्यावरच्या पोराचा चेहरा जवळून पाहिला. शेवटी त्याने स्वतःचा कान चाचपला. “असे सुपाएवढे कान गावात फक्त आमच्या घरात,” तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. “मीही होतो त्या होडीत. घरचे म्हणायचे, कोणीतरी ओढून काढलं तुला. कोणी, ते कोणालाच सांगता यायचं नाही. आणि मी त्या माणसाला जन्मभर...”

यिन त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि रडता रडता हसायला लागली. इतकी वर्षं उरावर बसलेलं काहीतरी उठून निघून गेल्यासारखं तिला वाटलं.

“हा सगळ्यात मोठा करून लाव,” जुनुस डोळे पुसत म्हणाला. “अगदी दारासमोर. उद्घाटनाला माझी नातवंडंसुद्धा घेऊन येतो.”

ओला कागद दोन्ही हातांवर तोलत जुनुसच तो स्वयंपाकघरात घेऊन आला. टेबलापाशी पोचल्यावर मात्र थबकला.

“पण यिन, तुझे बाबा पाण्यात होते. मग कॅमेरा कोणाकडे होता?”

यिनने कागदाकडे पाहिलं.

म्हातारीने ओले हात अंगरख्याला पुसले, कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि निरखून पाहिला.

“हललाय जरासा,” ती म्हणाली. “काय करणार, पोटात तू नुसत्या लाथा मारत होतीस.”