स्वच्छ धुराडं

“धूर कुठे आहे, बाई? मला दाखवा की.”

धुराच्या तक्रारीची सरकारी पाहणी करायला मुंबईहून आलेल्या वर्तकसाहेबांनी छडी वर केली. शहाडच्या त्या सूतगिरणीचं धुराडं निळ्या आभाळात उभं होतं. त्यातून काहीच निघत नव्हतं. चीफ इंजिनिअर रेगे हसले, म्हणून त्यांच्यामागे उभे असलेले कारकूनही हसले.

कुंपणाच्या तारेपलीकडे आवडाबाई उभी होती. गिरणीला लागूनच, उल्हास नदीच्या काठी तिची भाजीची वाडी होती. तिच्याबरोबर शेजारच्या वाड्यांतल्या पाच-सहा बायका आल्या होत्या. सगळ्यांचे डोळे लाल.

“धूर दिसं नाय, सायेब. पन आमचं डोलं बघा. पंधरा दिस झालं, नुसती आग होते.”

“धूर नाही, मग डोळ्यांत पाणी कसलं?” रेगे म्हणाले. “साहेब, यांना तक्रारीची सवय लागलीय. तुम्ही ‘तक्रार खोटी’ असं लिहा आणि मोकळे व्हा.”

बाजूला उभ्या असलेल्या ह्युबर्ट डिमेलोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग रेग्यांवर नव्हता, बायकांवर होता.

ह्युबर्ट ठाण्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानतळावर इंजिनं दुरुस्त करता करता शिकला. गिरणीने विजेसाठी परदेशातून गॅस टर्बाइन आणलं, तेव्हा ते चालवायला त्यालाच घेतलं. यंत्र बाहेरची हवा ओढून घ्यायचं आणि सहापट दाबून कोंडायचं. त्या कोंडलेल्या हवेत तेल जळायचं आणि त्याच्या झोताने चाक फिरून वीज निघायची. पण दाब पूर्ण चढला की ज्वाळेत काजळी धरायची. धुराड्यातून काळे लोट निघायचे. आवडाबाईची मेथी काळी, पालक काळा, दोरीवरची लुगडी काळी. वर्षभर ती फाटकाशी येऊन भांडली. वर्षभर ह्युबर्टही आत साहेबांशी भांडला.

मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की यंत्र सुरू करताना दाबाचा काटा दोनवर असतो, तेव्हा धूर दिसत नाही. तो धावतच रेग्यांकडे गेला. दाब दोनच्या वर चढवायचा नाही, कमी पडेल ती वीज बाहेरच्या तारेवरून घ्यायची. रेग्यांनी लगेच होकार दिला. पंधरा दिवसांपूर्वी धुराडं स्वच्छ झालं. आज पाहणी उरकली की सगळ्यांसमोर ह्युबर्टला हार घालणार होते.

आणि या बायका अजून रडतच होत्या.

तो फाटक उघडून तरातरा बाहेर गेला.

“काय गं आवडाबाय, लाज नाय वाटत? काळा धूर होता तवा तुमच्यासाठी कोण भांडलं? मीच ना? आता धूर गेला तरी रडगाणं चालूच! माझ्या कामावर पाणी फिरवायला आलात?”

आवडाबाई त्याच्यावर ओरडली नाही. “भांडू नको, दादा,” ती म्हणाली. “वाडीत चल. वारा येतो तितं घडीभर उबा ऱ्हा.”

तो रागारागानेच तिच्यामागून वाडीत गेला आणि वांग्यांच्या वाफ्यापाशी उभा राहिला. झोपडीच्या दारात तिची सून शेवंती बसली होती. मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. त्याच्या पापण्या सुजून चिकटल्या होत्या. शेवंती ओल्या फडक्याने त्या पुसत होती.

वाऱ्याची झुळूक आली. ह्युबर्टच्या नाकात उग्र वास शिरला. स्टोव्ह विझवल्यावर जसा येतो तसा, पण थांबतच नाही असा. घसा खवखवला. डोळे चुरचुरले आणि त्याला समोरचं दिसेनासं झालं.

इंजिनांत हयात घालवलेल्या माणसाला तो वास कुणी सांगावा लागत नाही. ते न जळलेलं तेल होतं. दाब कमी, म्हणून हवा कमी तापत होती. हवा कमी तापली, म्हणून तेल पुरतं जळत नव्हतं. काजळी गेली होती खरी. तिच्या जागी अर्धवट जळलेल्या तेलाची वाफ पंधरा दिवस या वाडीवर उतरत होती, आणि ती कुणाला दिसत नव्हती.

बाळ रडत होतं. ह्युबर्टने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो मागे फिरला. येताना होता त्याहून तो आता जास्त संतापलेला होता.

गिरणीच्या कचेरीत टेबलावर ‘तक्रार खोटी’ लिहिलेला कागद तयार होता. हारही आला होता.

“ये, ह्युबर्ट,” रेगे म्हणाले. “साक्षीदार म्हणून तुझी सही हवीय.”

“सही नंतर. वर्तकसाहेब, आधी पाच मिनिटं त्या वाडीत उभे राहा.”

“वेडा झालास? साहेबांना चिखलात नेणार?”

“पंधरा दिवस लेकरू तिथे निजतंय, साहेब. यांना पाच मिनिटं जड नाय होणार.”

वर्तकसाहेबांनी त्याचे लालभडक डोळे पाहिले. मग उठले आणि गेले.

पाच मिनिटांनी परत आले ते रुमाल डोळ्यांना लावूनच. त्यांना स्वतःचंच अक्षर वाचता येईना. ‘तक्रार खोटी’ ही ओळ त्यांनी रेग्यांकडून वाचून घेतली आणि तिच्यावर काट मारली. तेल जाळण्याची नळकांडी बदलेपर्यंत यंत्र बंद, असा हुकूम तिथेच लिहिला. ह्युबर्टने आत जाऊन आपल्या हाताने तेलाचा पुरवठा तोडला. यंत्राची शीळ उतरत उतरत थांबली.

रेगे दारात उभे होते. “नालायका, धूर बंद केला म्हणून हार घालत होतो तुला!”

“मी धूर कुठे बंद केला, साहेब?” ह्युबर्ट म्हणाला. “या बायकांच्या बाजूने बोलणारा तो एकच साक्षीदार होता. तेवढा मी गायब केला.”